मधुदादांच्या पाच झांजा

ऑर्केस्ट्रात गाणी मोजकीच असतात, तीच ती. किस्से मात्र दर कार्यक्रमाला नवे निघतात. टेम्पोत सामान चढेपर्यंत चहा घेत उभं राहिलं की कुणीतरी सुरू करतंच. आणि आमच्यात सुरुवात कुणीही, कशानेही करो, गाडी शेवटी मधुदादांवर येऊन थांबते. साठवून साठवून माझ्याकडे त्यांचे इतके किस्से झालेत की आता सांगून टाकलेले बरे.

मी बदलापूरची. दिवसा एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि लग्नसराईत हळदीच्या कार्यक्रमांत गाते. मधुदादा आमचे ड्रमर. अंबरनाथ एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत. तीन पाळ्या आणि एक ड्रमसेट असा त्यांचा संसार. त्यात मंदावहिनी कशा मावल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. आणि आमचे मालक लछूकाका, उल्हासनगरचे सिंधी. साउंड त्यांचा, टेम्पो त्यांचा, शब्दही त्यांचाच शेवटचा.

दोन वर्षांपासून काकांच्या डोक्यात ऑक्टोपॅड घुसलाय. पाटीएवढं यंत्र, ढोलकीपासून झांजेपर्यंत सगळे आवाज त्यात. आमचा कीबोर्डवाला गिरीश तेही वाजवू शकतो. ड्रमसेट अर्धा टेम्पो खातो, मांडायला तास लागतो, हे काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ऑक्टोपॅड आला की मधुदादा घरी बसणार, हे तोंडाने कुणी बोललं नाही तरी दादांसकट सगळ्यांना कळत होतं. पंचवीस वर्षं वाजवतोय हा माणूस!

आता ड्रमपेक्षाही दादांचा जीव झांजांत. पाच आहेत. दोन जोडीच्या, पायाने वाजतात त्या, दोन मधल्या, आणि एक मोठी, परातीएवढी. त्यांना दादांशिवाय कुणी हात लावायचा नाही. बोटांचा घाम लागला की डाग धरतो म्हणतात. स्वतःसुद्धा कडेला धरून उचलतात, तान्हं मूल उचलावं तसं.

*

आणि असल्या माणसाने वाजवायचं कुठे, तर हळदीत! जिथे मांडवातल्या प्रत्येकाचे हात तेला-हळदीने कोपरापर्यंत माखलेले.

बदलापूरजवळच्या एका गावात नवऱ्या मुलाचे मामा नाचता नाचता स्टेजवर चढले आणि आनंदाच्या भरात मोठ्या झांजेवर थाप मारली. पाची बोटं उमटली. मी अंतऱ्यात होते. मागून ड्रम बंद. वळून बघते तर दादा खिशातून मऊ फडकं काढून झांज पुसतायत, गोल गोल, तिच्यावरच्या बारीक रेषांच्या दिशेने, अगदी सावकाश.

गावातल्या बायकांना वाटलं, हा काहीतरी विधी आहे. एक आजीबाई लगबगीने कुंकवाची कोयरी घेऊन स्टेजवर आल्या आणि झांजेला बोट लावणार, तेवढ्यात दादांनी हात जोडले. म्हणाले, "आई, देवी खाली आहे. पायाशी लावा." आजीबाईंनी श्रद्धेने स्टँडच्या तिन्ही पायांना हळद-कुंकू लावलं, नमस्कार केला, वर अकरा रुपये ठेवले. मग गाणं पुढे सुरू झालं.

*

खंडेनवमीचा किस्सा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो मला वहिनींनीच सांगितला, लग्नाला दोनच वर्षं झाली होती तेव्हाचा.

दादा पहिल्या पाळीला गेले होते. घरात शस्त्रांची, अवजारांची पूजा. नवऱ्याचं अवजार म्हणजे झांजा, त्या पूजेला लखलखीत हव्यात, म्हणून वहिनींनी चिंच, मीठ आणि काथ्या घेऊन मोठी झांज दोन तास घासली. देवाचं ताम्हन झालं तिचं. कंपनीचं छापलेलं नाव गेलं, वर्षानुवर्षं मुरलेला तपकिरी रंग गेला. ती झांज दादांनी पहिल्या तीन बोनसमधून घेतली होती.

दादा चारला घरी आले. चपला काढल्या, पाटावरची झांज बघितली. वहिनी कौतुकाची वाट बघत उभ्या. दादांनी खाली बसून तिला नखाने हळूच टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "छान चमकतेय." हात जोडून पूजा केली, जेवले.

पुढच्या रविवारी त्यांनी वहिनींना शेजारी बसवून दाखवलं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुन्या सुती साडीचा तुकडा. घासायचं नाही, पुसायचं. मग लगेच कोरडं करायचं, मधल्या भोकाशीसुद्धा ओल राहता कामा नये. त्या दिवशी वहिनींना कळलं आपण काय केलं होतं, आणि त्या रडल्या. आवाज जरा पातळ झाला होता, असं दादांनी आम्हाला कितीतरी वर्षांनी सांगितलं. गिरीश म्हणाला, मग बदलायची ना. दादा म्हणाले, "तिने पूजेसाठी घासलीय रे." तीच झांज अजून वाजते. मला असा नवरा मिळाला असता तर मी गाणं सोडून रोज आरतीच केली असती!

*

वहिनी आता दादांपेक्षा कडक झाल्यात. अंबरनाथच्या त्या भागात कधीकधी संध्याकाळी हवेला वास येतो. कुठून येतो ते देव जाणे. तांब्या-पितळेची भांडी दोन दिवसांत काळवंडतात. दादांचं नाक कंपनीत तयार झालेलं. त्यांना वास सगळ्यांच्या आधी लागतो. ते "मंदा" एवढंच म्हणतात. वहिनी खिडक्या लावतात आणि झांजा गुंडाळून कपाटात ठेवतात. मग दोघं नाकाला रुमाल लावतात. क्रम हाच.

त्यांच्या चाळीत समोरच्या गॅलरीतल्या बायकांनी हे हेरलंय. मधुदादांच्या झांजा आत गेल्या की सगळ्या मजल्यांवरचं वाळत घातलेलं कपड्यांचं जग आत जातं. एकदा वहिनींनी झांजा नुसत्या आवरायच्या म्हणून आत नेल्या, तर पाच मिनिटांत चाळीच्या दोऱ्या रिकाम्या. ऊन अगदी कडक होतं.

*

झांजांना पिशवी हवी होती. उल्हासनगरात जीन्स शिवणारे पावलोपावली. दादांनी एका मास्तरला माप दिलं. मास्तर कलावंत माणूस. त्याने जाड जीन्सची गोल पिशवी शिवली, आणि खूश होऊन वर दोन खिसे, पट्ट्याचे लूप आणि आतून-बाहेरून सोळा पितळी बटणं ठोकली, फुकट.

दादांनी तिथेच बसून पक्कड मागितली आणि बटणं उपटायला घेतली. मास्तर भडकला. "फॅन्सी आयटम को खराब कर रहे हो!" आपल्या स्टीलच्या डब्याचं झाकण काढून दादांनी एक बटण त्याच्यावरून फिरवलं. चर्रर्र करून ओरखडा उठला. म्हणाले, "मास्तर, हे झाकण आहे. आत माझी ती असणार."

मास्तरने ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग स्वतः पक्कड घेतली. आठवड्याने त्याने आतून मऊ फलालीनचं अस्तर लावलेली नवी पिशवी दिली. गिरीश त्याच्याकडे पँट शिवायला गेला तेव्हा मास्तरने माप घ्यायच्या आधी विचारलं, "अंदर क्या रखना है?"

*

एक छोटासा. झांजेच्या खाली-वर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती असते, धातूला धातू लागू नये म्हणून. विठ्ठलवाडीला एका हॉलमध्ये चकत्यांची डबी घरी राहिली. आम्ही म्हटलं, एक दिवस तशीच वाजवा, कोण बघतंय. दादांनी बूट काढला, आतला नमद्याचा तळवा कात्रीने कापला आणि दहा चकत्या तयार केल्या. एकाच बुटात तळवा असलेला माणूस चार तास पायाने झांज वाजवत होता. दुसऱ्या दिवशी लंगडत कामावर गेले.

*

आता शेवटचा. हा मी डोळ्यांनी बघितलाय.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी लछूकाकांचा फोन आला. ऑक्टोपॅडचा सौदा पक्का झालाय, मधूला सांगायचंय, तू सोबत चल. मी म्हटलं, मी कशाला? तर म्हणाले, "बेटा, मुझसे नहीं होगा. तू बोल." मीही काही बोलणार नव्हते, पण गेले. जिने चढताना काका वाक्य जुळवत होते. पंचवीस साल, भाई जैसा, लेकिन जमाना. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी वाक्य बदललं.

दार उघडंच होतं. दादा मोरीपाशी स्टुलावर बसून झांजा पुसत होते. काकांना बघून त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. काका आजवर कधी घरी आले नव्हते. दादांना कळलं. वहिनींनाही कळलं. त्या चहा ठेवायचा सोडून दारातच उभ्या राहिल्या.

दादा म्हणाले, "बसा काका. एवढी मोठी राहिलीय, ओली ठेवता येत नाही." आणि त्यांच्या हातात एक कोरडं फडकं दिलं. काकांना नाही म्हणता येईना. दोघं समोरासमोर बसले, मध्ये झांज. काका भराभर पुसायला लागले तसं दादांनी त्यांचं मनगट धरून हळू केलं. कडेपासून आत, गोल गोल.

पुसून झाल्यावर दादांनी झांज एका बोटावर तोलली आणि नखाने टिचकी मारली. वहिनींनी आत जाऊन पंखा बंद केला. आवाज उठला आणि खोलीत कितीतरी वेळ राहिला. काका मान खाली घालून ऐकत होते. तो पुरता विरेपर्यंत कुणी हललं नाही.

मग दादा पाची झांजा एकावर एक रचायला लागले, प्रत्येक दोघींमध्ये साडीचा एक तुकडा. मोठीच्या वेळी एक तुकडा कमी पडला. तो काकांच्या हातात होता, ओला. वहिनी दुसरा आणायला वळल्या.

काका उठले. खिशातून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढला, झटकला, घडी मोडून झांजेवर नीट पसरला आणि चारी बाजूंनी सारखा केला.

"अगली हल्दी में इसको टेम्पो में मेरे पास रखना, मधू." मग "चल," मला म्हणाले, "जो बोलने आये थे, बोल दिया."