वांग्याचा वाफा परीक्षेचा

माह्या पोराले पंतोजीनं आढ्याले टांगलं होतं. दोन्ही मनगटं सुंभानं बांधलेली. पायाचे अंगठे जमिनीले जेमतेम टेकलेले. अंगात सदरा नाई. पाठीवर छडीचे वळ, काही फुटलेले. खाली बाकीची पोरं ओळीनं बसून मोठ्यानं पाढे म्हनून राहिली होती, जसं वर कोनी नाईच.

मी दारात उभी. डोक्यावर झेंडूची टोपली, फुलांखाली खुरपं. ती पंतोजीनंच मांगवली होती, साहेबाच्या हारासाठी. दुसऱ्या दिवशी गोरा साहेब परीक्षा घ्यायले येनार होता.

पंतोजीनं माह्याकडं पाह्यलं. "फुलं तिकडे ठेव. परीक्षेचे पैसे आणलेस?"

"नाई जी."

"मग राहू दे त्याला वर."

पोरं हसली.

हे अमरावतीचं सांगून राहिली मी. कापसाले सोन्याचा भाव आला होता, तवाचं. दूर अमेरिकेत लढाई लागली म्हनत, म्हनून विलायतेले आमचा कापूस पाह्यजे होता. बाजारात गाड्याच गाड्या. काल अनवानी फिरनारे आज जरीचा फेटा बांधून राहिले होते. माहा नवरा शेठच्या वखारीत हमाल होता. रुईच्या गाठी रचता रचता वरची गाठ सुटली, त्याच्या छातीवर आली. तोंडातून रक्त आलं अन् गेला. दुपारी त्याच जागी दुसरा हमाल उभा होता.

शेठनं मले बोलावलं. वखारीच्या मांगं त्यानं शाळा काढली होती, आपल्या पोरांसाठी अन् भागीदारांच्या पोरांसाठी. पुन्याकडचा पंतोजी आनून ठेवला होता. शेठ म्हने, "तुझ्या पोराला आमच्या शाळेत बसव. फी माफ." लोक म्हनले, देवमानूस हाय. मीबी त्याचे पाय धरले. नवऱ्याच्या जिवाची भरपाई झाली, असं साऱ्यायनं धरलं. मीबी धरलं.

फी माफ होती. वरचं काहीच माफ नव्हतं. पाटी. बसायले बस्कर. दिव्याचं तेल. सनावाराले पंतोजीचं काय ते. अन् साल भरलं का परीक्षा. परीक्षेचे पैसे अलग. साहेबासमोर बसायचं तं नवा सदरा पाह्यजे, टोपी पाह्यजे, तेबी अलग. पंतोजी म्हने, गावात पैसा वाहून राहिला आहे, कुणाला जड नाही.

मले लिहिनं-वाचनं येत नाई. मी हिशेब मातीत मांडला. गावाबाहेर शेठच्याच विहिरीवर एक तुकडा मी मक्त्यानं करत होती. मेथीचा वाफा मीठ-मिरचीचा. कांद्याचा मक्त्याचा. सांबाराचा, म्हंजे कोथिंबिरीचा, पाटीचा अन् तेलाचा. अन् साऱ्यात मोठा वांग्याचा वाफा, तो परीक्षेचा. त्याले मी कोनाले हात लावू देत नव्हती. घरात नुसती भाकर अन् तिखट खाल्लं, पन त्यातलं वांगं चुलीवर चढलं नाई. पोरगं झाडाले पानी देता देता म्हने, "माय, हे झाड टोपीचं. हे सदऱ्याचं. अन् ही पुरी ओळ साहेबाची."

परीक्षा तोंडावर आली अन् बाजारात गाड्या उभ्या करायले जागा उरली नाई. शेठच्या मानसायनं गाड्या माह्या मळ्यात सोडल्या. मले विचारलं नाई. सकाळी जाऊन पाह्यते तं बैल वाफ्यात. वांगे खाल्ले, झाडं तुडवली, पाट फोडला. चिखल अन् शेन, दुसरं काही नाई. मी तशीच पेढीवर गेली. शेठनं मान वर केली नाई. म्हनला, "बैल जनावर आहे बाई. त्याला काय समजतं?"

तेच माह्या पोरानं शाळेत सांगतलं. पंतोजीनं विचारलं, पैसे कुठे आहेत. पोरगं उभं राह्यलं अन् म्हनलं, "शेठजीचे बैल खाऊन गेले जी." शेठचा पोरगा समोरच बसला होता. तो लाल झाला. म्हनून माहं पोरगं आढ्याले टांगलं.

मी टोपली खाली ठेवली. पंतोजीच्या पायावर डोकं ठेवलं. म्हनलं, महाराज, लेकरू हाय, सोडा. पैसे मी कसेबी करून देते.

त्यानं पाय मांगं घेतला. "शिवू नकोस. जा, अंगण सारवून घे. उद्या साहेब येतोय. मग बघू."

मी गोठ्यातून शेन आनलं. पानी आनलं. पुरं अंगन हातानं सारवलं. वाकल्या जागेवरून मले पोराचे पाय दिसत होते. अंगठे काळेनिळे पडले होते. एकदा त्यानं पानी मांगतलं. मी उठली. पंतोजीनं छडी माह्याकडं केली. "आधी अंगण."

मी परत बसली.

सारवून झालं. मी म्हनलं, "झालं जी. आता सोडा त्याले."

पंतोजी बाहेर आला. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. "तो कोपरा राहिला." मी तो कोपरा केला. मंग तो म्हनला, "पैसे संध्याकाळपर्यंत आण. नाहीतर नाव काढून टाकतो. आणि एक लक्षात ठेव, माळ्याच्या पोराने परीक्षा दिली नाही म्हणून इंग्रज सरकार बुडत नाही."

असं म्हनून तो आत गेला अन् छडीचं टोक पोराच्या फुटल्या वळात रुतवलं. "फीर. आईला तोंड दाखव."

पोरगं फिरलं. त्यानं ओठ चावून चावून फाडले होते. धोतर ओलं झालं होतं. त्याच्यावरच पोरं हसून राहिली होती. त्यानं माह्याकडं पाह्यलं नाई. माह्या हाताकडं पाह्यलं. कोपरापर्यंत शेनानं भरले होते ते.

मी टोपलीतलं खुरपं घेतलं. आत गेली. सुंभ कापलं. पोरगं धाडकन खाली पडलं.

पंतोजीनं माहे केस धरले. छडी तोंडावर बसली, डोळ्यापुढं लाल झालं. खुरपं हातात होतंच. मी ते त्याच्या छडीच्या हातावर मारलं. मांस फाटलं. छडी पडली. मी ती उचलली अन् मारत सुटली. तोंडावर. खांद्यावर. पाठीवर. तो खांबाभोवती पळत होता अन् मी त्याच्या मांगं. त्याची पगडी ओल्या शेनात पडली, त्याच्यावर त्याचाच पाय पडला. पाढे थांबले. कोनी हसलं नाई. इतकी वर्सं जे हात साऱ्यायपुढं जोडत आली होती, तेच आता मारत होते.

मंग हमाल आले. शेठनं पाठवले होते. माह्या नवऱ्यासंगं गाठी उचलनारे तेच लोक. त्यायनं मले फरफटत बाजारात आनलं अन् गाडीच्या उभाऱ्यायनं, बाजूच्या दांडक्यायनं मारलं. पोटात लाथा बसल्या. समोरचे दात गेले. पोरगं माह्या अंगावर पडून मारू नका म्हनून राहिलं होतं. त्याच्या उजव्या हातावर कोनी तरी नालाचा जोडा दिला. हाड मोडल्याचा आवाज मले आयकू आला. एक हमाल वाकून हळूच म्हनला, "वैनी, पडून राह्य. उठू नको. उठशीन तं मारतीन."

मी उठली. पुन्हा मारलं. पुन्हा उठली. गाड्यावाले कापसावर बसून पाहून राहिले होते.

कचेरीत उभी केली मले. निवाडा करनारा साहेब खुर्चीवर, बाजूले कारकून. पंतोजी हात गळ्यात बांधून आला होता. शेठबी होता. कारकून मले म्हनला, "बाई, पंतोजींचे पाय धर आणि माफी माग. शेठजी मोठ्या मनाचे आहेत. पोराला परत शाळेत घेतील. या वर्षीचे परीक्षेचे पैसेही सोडतील. सदरा, टोपी तेच देतील."

सालभर ज्याच्यासाठी कोरडी भाकर खाल्ली, ते सारं समोर होतं. नुसतं वाकायचं होतं.

पोरगं दाराशी उभं. हात चिंधीत बांधलेला, सुजून भोपळा झालेला. ते मले डोळ्यानं काही सांगून राहिलं नव्हतं. नुसतं पाहून राहिलं होतं, का माय आता काय करते.

मी म्हनलं, "मी मारलं. ते खरं हाय. माफी मांगत नाई."

कारकूनानं पुन्हा विचारलं. म्हनला, नीट विचार कर.

"केला जी. नाई मांगत."

कैद झाली. अकोल्याच्या तुरुंगात नेलं. तिथं दिवसभर जात्यावर दळन दळलं. मांडीले मांडी लावून दुसरी एक बाई बसत होती, ती विचारे, बाई, तू काय केलं? मी म्हनो, पंतोजीले मारलं. ती जातं थांबवून माह्याकडं पाहे.

सुटली तवा माहा भाऊ अकोल्याजवळच्या खेड्यावरून न्यायले आला होता. पोराले तोच सांभाळत होता. पोरगं उंच झालं होतं. उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. भाऊ म्हनला, डाव्या हातानं धुळीत अक्षरं काढत बसते.

झाडाखाली भाकर खाता खाता भाऊ म्हनला, "बाई, झालं तेवढं पुरे. अमरावतीले जा, शेठपुढं हात जोड. मळा तरी परत भेटन. पोराले कापसाच्या गाडीवर लावू. काहून जिवाची आग करून राहिली?"

मी म्हनलं, "अठी अकोल्यात सरकारी शाळा हाय नं?"

"हाय."

"परीक्षा होते तठी?"

"होते. पन तठीबी असेच लोक बसले असतीन, बाई."

"असू दे. तुह्या वावरात मले एक तुकडा दे. मक्ता देईन. फी जे असन ते भरीन. फीच्या वर एक कवडी देनार नाई. कोनी मांगतली तं तोंडावर नाई म्हनीन. अन् माह्या पोरावर हात उचलला तं माहाबी हात उठन."

"पुन्हा कैद होईन तुले."

"होऊ दे. तुरुंगाची वाट माईत झाली मले."

भाकर तशीच फडक्यात बांधली. पोराले म्हनलं, ऊठ, शाळा पाहून येऊ. ते उठलं. भाऊ बसूनच राह्यला. आमी निघालो.