नळी का गळली

एका खोलीत वर्षानुवर्षं तीच चार माणसं चहा प्यायली की किस्से साचणारच, गळक्या एसीखालच्या बादलीसारखे. आमचं ऑफिस फरीदाबादला. काम काय, तर अणुभट्टीतलं इंधन चालू भट्टीत का बिघडतं ते शोधणं. हे इंधन म्हणजे युरेनियमच्या गोळ्या भरलेल्या बारीक नळ्यांची जुडी. नळीला सुईएवढं भोक पडलं तरी आतला किरणोत्सारी वायू भट्टीच्या पाण्यात उतरतो आणि आमचा फोन वाजतो.

*

आमचे प्रमुख जोशीसाहेब. पॉवर भराभर वाढवली की गोळ्या फुगून नळी तडकते, हे त्यांचं लाडकं कारण. कॅबमध्येही तेच. फ्लायओव्हर आला की, "भैया, आराम से चढ़ाओ." मागे हॉर्नचा बँडबाजा. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "साहब, इतने आराम से तो मेरी बारात भी नहीं गई थी."

*

एका प्लांटवर नळी गळली. शिफ्टवर भट्टी चालवत होता साळवी. वरून विचारणा, कारण लगेच कळवा. जुडी तर भट्टीतून काढून थंड व्हायला तळ्याच्या पाण्यात ठेवलेली. पुरती थंड झाल्याशिवाय ती कापून बघता येत नाही, आणि त्यात वर्षं जातात. साहेबांनी पॉवरचा आलेख काढला.

"मर्यादेत आहे की," मी म्हटलं.

"हो, पण काठावर."

झालं. साळवीची बदली कंट्रोल रूममधून थेट स्टोअरमध्ये.

*

पुढे साळवी आमच्याकडे मीटिंगला आला तेव्हा कॅन्टीनमध्ये भेटला. "साहेब, मी पॉवर सावकाशच चढवली होती."

"प्रत्येक ऑपरेटर हेच म्हणतो, यार."

साळवी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. साहेब हसले. आम्हीही हसलो, साहेब हसले की हसायची पद्धत होती.

*

जुडी थंड झाली, कापली, फोटो आला. नळी तडकलीच नव्हती. भट्टीच्या दुरुस्तीत आत राहिलेल्या तारेच्या तुकड्याने पाण्याच्या ओघात घासून घासून तिला भोक पाडलं होतं. त्या संध्याकाळी साहेबांनी घरातला तारेचा स्क्रबर बाल्कनीतून भिरकावला. वहिनी म्हणाल्या, "आता कढई तुम्हीच घासा." घासतात, काथ्याने. अजूनही.

*

साळवी तोवर नोकरी सोडून गुरुग्रामला मुलाच्या फ्लॅटवर आला होता. साहेबांनी मला गाडी काढायला लावली.

साळवीने साहेबांचा मोबाइल घेतला, फोटो मोठा केला, लहान केला.

"चूक माझी होती," साहेब म्हणाले.

त्याने मोबाइल बायकोकडे दिला. त्यांनी ओढणीला हात पुसले, चष्मा लावला.

"यात तार कुठली?"

साहेबांनी बोट ठेवून दाखवली.

"एवढीशी?" त्या म्हणाल्या.