मॅकसाहेबांचा हरणारा क्लब

ज्यांच्या कपाटात कप नसतात, त्यांच्याकडे किस्से फार साठतात. आखातातल्या मुसफ्फामधल्या आमच्या वर्कशॉपच्या फुटबॉल क्लबाचं कपाट स्टोअरकीपर म्हणून मीच सांभाळतो. आत सध्या डस्टर आहेत.

*

क्लब काढला मॅनेजर मॅकसाहेबांनी. स्कॉटलंडमधलं त्यांचं गाव लहानसं, समुद्राकाठचं. तिथला क्लब त्यांच्या आजोबांपासून हरतोय. त्या क्लबाच्याच जुन्या जर्सी साहेबांनी आमच्यासाठी मागवल्या. जाडजूड, फुल बाह्यांच्या! मुसफ्फाच्या उन्हात! रत्नागिरीचे उस्मानभाई जर्सी चाचपत म्हणाले, "साहेब, ये पहनके खेलते हैं, या मच्छी पकडते हैं?"

साहेब म्हणाले, "बोथ!"

*

उस्मानभाई आमचे गोलकीपर. त्यांना बॉल दिसायचा तो जाळ्यात गेल्यावरच. पण त्यांना काढणार कोण? कंपनीची बस तेच चालवायचे. ते रुसले तर मैदानावर पोचायचं कसं!

*

एकदा चक्क आमच्या सलीमने गोल मारला. आनंद कसा करतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सलीम सवयीने समोरच्या गोलकीपरला म्हणाला, "सॉरी हां!"

पुढच्याच महिन्यात त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. खलास. जाताना त्याने जर्सी धुऊन, घडी घालून माझ्या काउंटरवर ठेवली. त्या दिवशी मला क्लबच नकोसा झाला.

*

दर सोमवारी साहेबांना गावाहून भावाचा फोन यायचा. साहेब ऐकायचे आणि चहा ढवळत बसायचे. स्कोअर विचारायची गरजच नसायची. एका सोमवारी मात्र ते मोठ्याने हसले. आम्ही धावलो. "सर, जीत गये?"

"नो," साहेब म्हणाले. "बर्फ पडला. मॅच कॅन्सल!"

*

रिटायर होऊन निघायच्या आधी साहेब म्हणाले, "एकदा तरी जिंका रे. घरी सांगायला काहीतरी हवं."

त्यांच्या शेवटच्या रविवारी आम्ही खरंच एक-शून्यने पुढे! मॅच संपत आली आणि उस्मानभाईंचा फोन वाजला. साइटवरची शिफ्ट सुटली होती, माणसं गेटबाहेर उन्हात उभी होती. बस जराही लेट होता कामा नये, हा नियम साहेबांचाच. मागे एकजण तिथेच चक्कर येऊन पडला होता.

"उस्मानभाई, पाच मिनिटं!" मी ओरडलो. ते साहेबांकडे बघत राहिले. आम्ही सगळेच बघत राहिलो.

"यल्ला, निघा!" साहेब त्यांना म्हणाले. सलीम गेल्यापासून बदली खेळाडू नव्हताच. साहेबांनी उस्मानभाईंचे ग्लोव्हज घेतले आणि ऑफिसच्या बुटांतच गोलमध्ये जाऊन उभे राहिले.

दोन-एकने हरलो. मला तर रडूच आलं. साहेबांनी भावाला फोन लावला, स्पीकरवर, आणि मोठ्याने हसले.

"जिंकलात?" भावाने विचारलं.

"नो," साहेब म्हणाले. "बस वेळेवर गेली!"