सरांचा डावा हात

लहानपणी तिला सगळे मासोळी म्हणत. ती तलावात उतरली की बाकीच्या मुली तिला पाण्यात पाहायच्या, दोन्ही अर्थांनी! राज्यात पहिली आली, मग देशात. बक्षिसाच्या ढाली-कपांना घरात जागा उरेना, तेव्हा आईने त्यातल्याच एका कपात चमचे ठेवायला सुरुवात केली. पोहायला शिकवणारे सर मात्र कधी शाबास म्हणाले नाहीत. "मान खाली, खांदा सैल," एवढंच. डॉक्टर व्हायचं म्हणून तिने पोहणं सोडलं, तेव्हा म्हणाले, "जा. पण मान खाली घालून जाऊ नकोस."

ती मेंदू आणि नसांच्या आजारांची डॉक्टर झाली. एके दिवशी सर आणि त्यांची बायको, काकू, तिच्या ओपीडीत आले. सरांना शर्टाची बटणं लावता येत नव्हती.

"वय झालं, दुसरं काय!" सर म्हणाले.

"तिला बघू तरी द्या," काकू म्हणाल्या.

तिने त्यांचा डावा हात हातात घेतला. अंगठ्याजवळचा मांसल भाग पार बसला होता. दंडाच्या कातडीखाली स्नायू आपोआप फडफडत होते. सगळ्या तपासण्या झाल्यावर तिने वरिष्ठांनाही दाखवलं, कुणीतरी आपल्याला चूक ठरवावं म्हणून. कुणी ठरवलं नाही. स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरत चालल्या होत्या.

"सरळ सांग," सर म्हणाले.

"हा आजार बरा होत नाही, सर. थोडा थोपवता येतो."

"मग तू काय करणार?"

"मी येत जाईन."

आणि ती येत गेली. दुसरा हात गेला, पाय गेले, जीभ जड झाली. तिने चाकाची खुर्ची आणली, श्वासाचं यंत्र आणलं. पण आजार सतत तिच्या पुढेच असायचा. एका दुपारी सरांनी पाण्यात जायचा हट्ट धरला. तलावावरच्या जीवरक्षकाच्या मदतीने तिने त्यांना उतरवलं, पाठीखाली तळवे धरले. क्षणभर ते तरंगले. मग तोंडात पाणी गेलं आणि असा ठसका लागला की चेहरा काळानिळा पडला.

"डॉक्टर ना गं तू?" काठावरून काकू किंचाळल्या. "मारून टाकशील त्यांना!"

सर मात्र धापा टाकत अडखळत म्हणाले, "मजा आली."

पुढे छातीत कफ साठला. घशात नळी घालायची का, तिने विचारलं. बोलणं बंद झालं होतं. सरांनी डोळे घट्ट मिटले, म्हणजे नाही. तिने दोनदा विचारलं, मग तिसऱ्यांदा. ते ऐकेनात. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले, ती नाडी धरून बसलेली असताना.

काकूंनी बऱ्याच दिवसांनी विचारलं, "आणखी काही करता आलं असतं का गं?"

"नाही, काकू."

"असतं म्हणाली असतीस, तर निदान मी तुझ्यावर चिडले तरी असते," काकू म्हणाल्या, आणि तिचाच हात धरून रडू लागल्या.