हसला की पडायचा

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी थर्मासमध्ये मुगाचं कढण भरत होते. "पहाटे झोपेतच गेले," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, "जरा नीट बघा हो. तो असाच पडतो. त्याला सगळं ऐकू येत असतं." याला आता महिना उलटून गेला. काळ हे औषध असतं म्हणतात. मला अजून गुण नाही.

श्रीधर माझा नवरा. शनिवार पेठेत त्याचं चष्म्याचं दुकान होतं. आम्ही एकाच कॉलेजातले, म्हणून अरे-तुरे. त्याला बसल्या जागी झोप लागायची आणि डोळा लागताक्षणी स्वप्न पडायचं. जागा झाला की विचारायचा, "तू आत्ता भांडलीस ते खरं, की स्वप्नात?" मी म्हणायची, "दोन्हीकडे." दुपारी दुकान बंद आणि सगळी पेठच घोरत पडलेली, त्यामुळे याला काही आजार असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. पुढे डॉक्टरांनी तसं सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "एक ते चार झोपणं हा आजार असेल, तर या पेठेत धडधाकट कोण आहे?"

झोपेचं एक वेळ चाललं असतं. पण लग्नानंतर थोड्याच दिवसांत एक बाई दुकानातल्या सगळ्या फ्रेमा लावून बघून तशाच निघून गेल्या. मी म्हटलं, "त्यांना चष्मा नको होता रे, नाक बदलून हवं होतं." श्रीधर हसला, त्याची मान लुळी पडली, गुडघे दुमडले आणि चहाच्या कपासकट तो जमिनीवर. मी धावत जाऊन त्याला गदागदा हलवलं. मिनिटभरानं डोळे उघडून म्हणतो कसा, "सगळं ऐकत होतो. नाक कितीला द्यायचं?" डॉक्टरांनी नंतर समजावलं, की स्वप्न बघताना आपण उठून धावू नये म्हणून शरीर हातपाय सैल सोडून ठेवतं. श्रीधरचं अंग हसू आलं की जागेपणीच तसं सैल पडायचं. मन टक्क जागं, पण बोट हलायचं नाही. गोळ्यांनी झोप थोडी आवरली, हे आवरलं नाही.

एकदा तो दुकानाच्या पायरीवरच हसला आणि कपाळाला टाके पडले. त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं. माझी जीभ तिखट, आणि तिच्यावरच भाळून त्यानं लग्न केलं होतं. आल्यागेल्याला मी दारातच बजावायची, "विनोद नको." जेवणं श्राद्धाच्या पंगतीसारखी मुकाट होऊ लागली. "पडलो तर पडलो, तू बोल गं," तो म्हणायचा. "हल्ली तू फक्त दूध आणि भाजी बोलतेस." मी ऐकलं नाही. मला तो धड हवा होता. आम्ही वारज्याला राहायला आलो, सासूबाई गेल्या, मुलगी मोठी झाली, केस पांढरे झाले, आणि घरात खळखळून असं कुणी हसलं नाही.

शेवटी फुप्फुसांनी दगा दिला. आदल्या संध्याकाळी मी त्याच्या कॉटशेजारी बसले होते. "आता आडवाच आहे," श्रीधर म्हणाला, "आता कुठे पडणार? बोल काहीतरी." मी शोधलं. खरंच शोधलं. समोर पाणचट खिचडी होती, पलीकडच्या पेशंटला उपदेश करणारे नातेवाईक होते. एके काळी मी यातलं काही सोडलं नसतं. काही म्हणता काही सुचलं नाही... शेवटी म्हणाले, "उद्या कढण आणू?" त्यानं डोळे मिटले. झोपला, की आत जागा राहून वाट बघत होता, हे मला आता कधीच कळणार नाही.

परवा बिबवेवाडीचे चुलतसासरे आणि काकू भेटायला आले होते. काका म्हणाले, "श्रीधर भाग्यवान. झोपेत जाणं सगळ्यांच्या नशिबी नसतं." माझ्या तोंडून निघून गेलं, "सराव दांडगा होता त्याचा."  काका हसले, काकू हसल्या, माझी मुलगी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसून झालं. मी एकेकाकडे पाहिलं. सगळे आपापल्या खुर्चीत ताठ बसलेले होते.