पहारा उठत नाही

आमच्या प्रयोगशाळेत स्लाइडवरच्या नावावर चिकटपट्टी लावतात. पेशी मोजणाऱ्याला उंदीर कुठला, ते आधी कळता कामा नये. आज सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याचा तुकडा होता आणि त्यात कृमी शिरला की जमणाऱ्या पहारेकरी पेशींची नुसती दाटी. "याच्या पोटात पट्टकृमी आहे," मी ठामपणे म्हटलं. शेजारच्या मीनलने चिकटपट्टी सोलली आणि हसली. "ताई, याचा कृमी केव्हाच पडून गेलाय."

मी पुन्हा डोळा लावला. कृमी नाही, तरी पेशी आपल्या तिथेच. या म्हणून निरोप धाडणारं शरीर, आता जा म्हणून सांगायला विसरतं का? की त्या निरोपावर पेशींचा विश्वास बसत नाही?

मग दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्या मुलीला लहानपणी फिट यायच्या, तेव्हा बाथरूमची आतली कडी आम्ही काढून टाकली. पुढे फिट थांबल्या, औषधं बंद झाली, ती कॉलेजात जायला लागली. कडी अजून बसवलेली नाही. सुतार मिळत नाही, असं मी सांगत असते.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ती अंघोळ करत होती. पाण्याचा आवाज मधेच थांबला.

"आई, मी ठीक आहे गं," ती आतून म्हणाली.

मी काही विचारलंच नव्हतं. टॉवेल घेऊन नुसती दाराशी उभी होते. तिचा टॉवेल तिने आत नेला होता, हे मला माहीत होतं.