सगळं गाव म्हणजे कोणकोण

“आवाज काढून दाखव की मुलींना,” अध्यक्ष म्हणाले. “मेंढरं कशी हाकतात तो.”

सातवीचा वर्ग, इतिहासाचा तास. फळ्यावर दौलताबादचा किल्ला अर्धा काढलेला, माझ्या हातात खडू. मुलींची ही शाळा त्यांच्या संस्थेची, म्हणून ते कधीबी वर्गात यायचे आणि माझ्या खुर्चीवर बसायचे. शेजारी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मी उभी.

“ही आमच्या गावची, धनगराची पोर,” ते मुलींना सांगत होते. “काठी घेऊन हिंडायची, आज तुम्हाला शिकवती. कुणामुळं? काढ गं आवाज. लाजती कशाला?”

मी काढला.

व्हय, काढला. जीभ टाळूला लावून, जसा बापामागं चालताना काढायची तसाच. मुली हसल्या. त्यांच्यावर माझा राग नाय, पोरीच त्या. मोठ्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. अध्यक्ष म्हणाले, “विसरली नाय बघा,” आणि चहाला गेले. मी फळ्याकडं तोंड केलं आणि किल्ल्याची तटबंदी काढत राहिले. खडू मोडला. दुसरा घेतला.

तुम्ही म्हणाल, का काढला? अहो, नोकरी कच्ची होती माझी. उन्हाळ्याच्या सुट्टीला कमी करायचे, जूनला परत घ्यायचे. म्हणजे सुट्टीचा पगार द्यायला नको आणि कायमबी करायला नको. असं किती उन्हाळे. मी शाळेत बसून शिकलेली नाय. मेंढरांमागं अक्षरं गिरवली, बाहेरून मॅट्रिक झाले. नवरा लवकर गेला. पैठण गेटाजवळ एक खोली, त्यात मी आणि म्हातारी आई. आणि यंदा कायम करतो असं अध्यक्ष तोंडानं बोलले होते. गावाकडं आम्ही त्यांना मालक म्हणायचो. मालकानं आवाज काढ म्हणलं की काढायचा, हे हाडात होतं.

त्यानंतर महिन्याभरात मुक्तिदिन आला. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, त्या दिवसाचं झेंडावंदन. दरसाल अध्यक्षांचं भाषण असायचं. यंदा मोठ्या बाईंनी मला बोलावलं आणि सातवीकडून पाठ करून घ्यायला सांगितलं, की रझाकारांच्या धामधुमीत अध्यक्षसाहेबांनी आपल्या गढीचं दार उघडलं आणि सगळ्या गावाला आसरा दिला.

“हा स्थानिक इतिहास आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तर त्यांच्याच गावच्या. तुम्ही छान शिकवाल.”

मी वर्गात गेले. वाक्य सांगितलं. मुलींनी म्हणलं. परत सांगितलं, परत म्हणलं. तिसऱ्यांदा म्हणताना जुबेदा उठली. दुसऱ्या बाकावरची, सडपातळ, प्रश्न विचारायची खोड असलेली.

“बाई, सगळं गाव म्हणजे कोणकोण? आमचे लोक भी?”

“उद्या सांगते,” म्हणले आणि तास संपायच्या आधीच वर्गाबाहेर आले.

कारण त्या दाराबाहेर मी होते.

आमचं गाव खुलताबादच्या डोंगराखाली. श्रावण चालू होता. रझाकार येतायत म्हणून ओरड झाली आणि सगळं गाव गढीकडं पळालं. बाप मेंढरं घेऊन डोंगरात. आईच्या काखेत माझा भाऊ, बिरू, अंगावर पिणारा. मी तिचं लुगडं धरून. दारात मालक स्वतः उभे. एकेकाला बघून आत घेत होते. आमच्यापर्यंत आले आणि म्हणाले, “मेंढरावाल्यांनी मागं सरा. आत बायामाणसं हायेत, वास येतो.” आई पाया पडली. लेकरू पुढं केलं. दार लागलं.

आम्ही ओढ्यात, पाण्यात पाय सोडून, झुडपाखाली बसलो. पाऊस पडत होता. बिरू रडायला लागला की आई त्याचं तोंड छातीशी दाबायची. पुढं त्याला ताप चढला, उतरलाच नाय, आणि तो गेला.

मग फौज आली. राज्य बदललं. आता उलटी दिशा, लोक मुसलमानांच्या मागं लागले. चांदबी पिंजारीण, तिनं कुणाचं काय केलं नव्हतं, आमच्या गाद्या पिंजायची, ती त्याच दारात गेली. तिच्यासाठीबी ते लागलं. तिला माझ्या आईनं वाघरीत, मेंढरं कोंडायच्या जाळीत घेतलं, घोंगड्याखाली निजवलं, वर मेंढरं बसवली. लोक शोधत आले. आई त्यांच्यासमोर लेंड्या गोळा करत राहिली. चांदबी सापडली नाय.

जुबेदाचा प्रश्न त्या संध्याकाळी खोलीवर आईला सांगितला. हे सगळं सांगू का पोरींना, विचारलं.

आई म्हणाली, “तुझी नोकरी पक्की होऊ दे आधी. माझं लेकरू गेलं ते गेलं. आता तू तरी भाकरीला लाग.”

तिचं चुकलं म्हणू मी? नाय म्हणवत. म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात जुबेदाकडं बघायचं टाळलं. तिनं पुन्हा विचारलं नाय. खाली बघून ते वाक्य बाकीच्यांबरोबर म्हणत राहिली. मला तेच सोसवेना. प्रश्न विचारणारी पोर माझ्या तासाला, माझ्या देखत गप्प झाली होती.

मुक्तिदिनाला पटांगणात सगळी शाळा बसलेली. सातवी पुढं. मुलींनी वाक्य घडाघडा म्हणलं. टाळ्या झाल्या. अध्यक्ष भाषणाला उठले आणि बोलता बोलता त्यांनी मला हात केला.

“पुरावा पाहिजे? ही बघा. हिला, हिच्या आईला मीच गढीत घेतलं. ये गं, सांग पोरींना.”

मी माइकपुढं गेले. आईचं बोलणं कानात होतं, खोटं कशाला सांगू. पुढं जुबेदा मांडी घालून बसलेली, मान खाली.

मी म्हणले, “मालक, आम्हाला आत घेतलं नव्हतं.”

ते हसले. “लहान होती. आठवत नसंल.”

“आठवतं. वास येतो म्हणालात. आम्ही ओढ्यात बसलो, माझा भाऊ त्यातच गेला. फौज आल्यावर चांदबी आली, तिलाबी तुम्ही घेतलं नाय.”

कर्णा बंद झाला. मी नुसत्या तोंडानं बोलले, मागच्या रांगेपर्यंत जाईल असं. जुबेदाचं नाव घेऊन सांगितलं, “तू विचारलं होतंस ना, सगळं गाव म्हणजे कोणकोण? त्यात आम्ही नव्हतो. तुमचे लोक नव्हते.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाय. कुणी उठून उभं राहिलं नाय. गोष्टीत होतं तसं काही झालं नाय.

मोठ्या बाईंनी ऑफिसात घेतलं. “माफी मागा. साहेब मोठ्या मनाचे आहेत.”

“कशाची मागू, तेवढं सांगा बाई.”

त्या म्हणाल्या, “उद्यापासून येऊ नका.”

पुढचं ऐका, म्हणजे कुणाला वाटायला नको की खरं बोलल्यानं माझं भलं झालं. माझ्या चुलत्याची मेंढरं मालकाच्या रानात बसायची, ती बंद झाली. चुलता खोलीवर येऊन मला शिव्या देऊन गेला. जुबेदाचं नाव तिच्या बापानं शाळेतून काढलं. भ्याला बिचारा. शहरातल्या दुसऱ्या शाळांत गेले, तर जिथं तिथं अध्यक्षांचे सोयरे नाय तर दोस्त. मी कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी वेचायला लागले. नि आई? आई म्हणाली, “माझं मेलेलं लेकरू तू चव्हाट्यावर आणलंस.” त्यानंतर लई दिवस माझ्याशी बोलली नाय. भाकरी करून ठेवायची आणि तोंड भिंतीकडं करायची. ते मला नोकरीपेक्षा जड गेलं. आजबी जातं.

आता मी म्हातारी. मालक कधीच गेले. मागच्या आठवड्यात त्या शाळेतल्या दोन तरुण बाई घरी आल्या. गोड पोरी. पाया पडल्या. म्हणाल्या, “आजी, मुक्तिदिनाला तुमचा सत्कार करायचाय. दोन शब्द बोला. फक्त ते जुनं काढू नका. सातवीच्या मुली आहेत, लहान असतात.”

मी त्यांना चहा दिला. मग सांगितलं, लहान नसतात. ओढ्यात बसले तेव्हा मी सात वर्षांची होते. मला लहान म्हणून कुणी आत घेतलं नाय.

शाल नको, नारळ नको. बोलावलंत तर येईन, आणि त्या दाराचंच सांगेन. बाहेर राहिलेल्यांची नावं घेईन. दार लावणाऱ्याचंबी घेईन, मेला म्हणून सोडणार नाय. आणि खाली बसताना पोरींना म्हणेन की तुमच्या बाई उद्या जे वाक्य पाठ करायला देतील, त्यातबी कोण नाय ते विचारा.

हे चालणार नसंल, तर बोलावू नका. पण मी बोलायची थांबंन, असं धरून चालू नका.